तुमचे प्रश्न : पास्काची रात्र आणि मरणावरचा विजय

ख्रिस्ताने पाप, सैतान आणि मरण यांच्यावर विजय मिळवला या श्रद्धेभोवती आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. काही पत्रं धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) उपासना समितीवर काम करणाऱ्यांची आहेत, काही घरच्या दुःखातून लिहिलेली. पत्रं लांब होती, मुद्दा तेवढा ठेवला आहे. विधींविषयीची उत्तरं कॅथलिक रोमन विधीला धरून आहेत. पास्का म्हणजे ईस्टर. त्याच्या आदल्या, म्हणजे शनिवारच्या रात्री बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून पास्काची मेणबत्ती पेटवून अंधाऱ्या देवळात आणतात.

प्रश्न : पास्काची मेणबत्ती तयार करायचं काम यंदा आम्हा युवकांकडे आहे. मागच्या वर्षी धुपाचे खडे आत बसेनात, एक तर खाली पडला. वेदीपर्यंत जाताना ज्योतही दोनदा विझली. काय काळजी घ्यावी? (वसई)

मेणबत्ती मेणाचीच हवी, दरवर्षी नवी हवी, एकच हवी आणि पुरेशी मोठी हवी. पास्काच्या तयारीविषयी १९८८ साली रोमहून निघालेल्या परिपत्रकात हे स्पष्ट सांगितलं आहे. प्लास्टिकच्या नळीत तेल भरून वरून मेणबत्तीचा आकार दिलेली वस्तू बाजारात मिळते, ती घेऊ नका. गेल्या वर्षीच्या मेणबत्तीवरचा आकडा खरवडून नवा चिकटवणंही योग्य नाही.

मेणबत्तीवर क्रूस, क्रूसाच्या वर अल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आणि चार कोनांत चालू वर्षाचे चार अंक असतात. पहिला अंक वर डावीकडे, दुसरा वर उजवीकडे, तिसरा खाली डावीकडे, चौथा खाली उजवीकडे. अंधारात, वाऱ्यात मेण कोरणं अवघड जातं. म्हणून रेघा दोन दिवस आधीच हलक्या कोरून रंग भरून ठेवा. त्या रात्री फादर त्याच रेघांवरून टोक फिरवतात.

धुपाचे पाच खडे म्हणजे प्रभूच्या पाच जखमा. ते क्रूसावर ठरल्या क्रमानेच बसतात : पहिला वरच्या टोकाला, दुसरा मध्यभागी, तिसरा खाली, चौथा डाव्या हाताला, पाचवा उजव्या हाताला. खडे बसत नाहीत कारण थंड मेणात ते नुसते दाबले जातात. मेण चिरतं आणि खडा सैल राहतो. आदल्या दिवशी खिळा तापवून पाच भोकं पाडून ठेवा. भोक खड्याला जोडलेल्या छोट्या खिळ्यापेक्षा किंचित अरुंद हवं, आतल्या बाजूला जरा खाली उतरतं हवं, म्हणजे खडा बाहेर घसरत नाही. खोली दोन सेंटिमीटर पुरते. वातीपर्यंत जाऊ नका, नाहीतर मेणबत्ती तिथवर जळत आली की भोकातून पातळ मेण बाहेर वाहतं. एवढं करूनही एखादा खडा हलला तर वितळलेल्या मेणाचा एक थेंब त्याला धरून ठेवतो.

ज्योत विझण्याची कारणं तीन. पहिलं कारण पंखे. एप्रिलच्या उकाड्यात देवळातले सगळे पंखे सुरू असतात आणि मेणबत्ती दारातून आत आली की वरून झोत येतो. पास्काची घोषणा, म्हणजे मेणबत्तीसमोर गायलं जाणारं स्तुतिगान, संपेपर्यंत पंखे बंद ठेवा आणि हे लोकांना आधीच सांगा. दुसरं कारण आखूड वात. नव्या जाड मेणबत्तीची वात सेंटिमीटरभर उभी नसेल तर भोवतीच्या मेणाच्या तळ्यात ती बुडते. तिसरं कारण घाई. वात पेटली की मिनिटभर थांबा. तिने मेण ओढायला सुरुवात केली की मगच मेणबत्ती उचला. अग्नीपासून दारापर्यंत वारा असेल तर काचेचा आडोसा जवळ ठेवावा.

अग्नी खरा हवा, लोकांना दिसेल एवढा. नारळाची सोडणं आणि सुकी लाकडं उत्तम. रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात ओतू नका. भडका उडतो आणि झगे सुती असतात. धुपाटण्यासाठीचे कोळसे याच अग्नीतून घ्यायचे असतात, आणि कोळसा धगधगायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ते आधी आत घाला, चिमटा आणि वाळूची बादली शेजारी ठेवा.

मेणबत्ती आदल्या आठवड्यात खिडकीशी उभी करून ठेवू नका, उन्हाने वाकते. कापडात गुंडाळून सपाट जागी आडवी ठेवा.

खड्यांच्या बाबतीत आम्ही इतके काटेकोर का, असं कुणी विचारेल. उठलेल्या प्रभूच्या देहावर जखमा तशाच होत्या. त्याने थोमा या शिष्याला त्याच दाखवल्या. ख्रिस्ती माणूस ज्या विजयाची घोषणा करतो तो घाव टाळून मिळालेला नाही. म्हणून अंधारात शिरणाऱ्या पहिल्या उजेडाच्या अंगावरच ते घाव खोचलेले असतात, आणि खडा पडला की लोकांना तेवढं दिसायचं राहून जातं.

प्रश्न : देवळातले दिवे कधी लावायचे यावर दरवर्षी वाद होतो. काही म्हणतात ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळी. शिवाय म्हाताऱ्या माणसांसाठी विधी सहा वाजता घेतला आणि वाचनं कमी केली तर चालेल का? (पालघर)

दिवे ग्लोरियापूर्वीच लागतात. मिस्साग्रंथातला क्रम असा आहे. 'ख्रिस्ताचा प्रकाश' ही घोषणा तीनदा होते. पहिल्यांदा देवळाच्या दारात. तिथं फादर आपली मेणबत्ती पेटवतात. दुसऱ्यांदा देवळाच्या मध्यावर. तिथं सगळे लोक आपापल्या मेणबत्त्या पेटवतात. तिसऱ्यांदा वेदीसमोर, लोकांकडे तोंड करून. त्यानंतर पास्काची मेणबत्ती तिच्या समईवर ठेवली जाते आणि देवळातले दिवे लागतात. वेदीवरच्या मेणबत्त्या तेवढ्या ग्लोरियाला पेटवायच्या, त्याच वेळी घंटा वाजवायच्या. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर घंटा मुक्या असतात, म्हणून हा आवाज इतका भरून येतो. मुख्य स्वीचपाशी विधी ठाऊक असलेली एकच व्यक्ती उभी करा. तिथं दोघे असले की एक जण घाई करतोच.

या मिरवणुकीत क्रूस पुढे नसतो. धुपाटणं पुढे, मग पास्काची मेणबत्ती, मागे सगळे.

सहा वाजता नाही. जागरण रात्र पडल्यावर सुरू व्हावं आणि रविवारची पहाट फुटण्याआधी संपावं, हा नियम आहे. आपल्याकडे एप्रिलच्या आरंभी सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे आठच्या आत अंधार धरत नाही. एकेकाळी हा विधी शनिवारी सकाळी, भर उजेडात होत असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली प्रायोगिक आणि १९५५ च्या सुधारणेने कायमस्वरूपी तो पुन्हा रात्री आणला. अंधार नसेल तर 'हीच ती रात्र' असं वारंवार म्हणणारी पास्काची घोषणा पोकळ होते.

वाचनं नऊ आहेत : सात जुन्या करारातली, एक पौलाचं, एक शुभवर्तमान. गरज असेल तर जुन्या करारातली तीन, अगदीच अडचण असेल तर दोन घ्यावीत. पण निर्गमचा चौदावा अध्याय, तांबड्या समुद्रातून पार होण्याचा, कधीही गाळता येत नाही. मागे फारोचं सैन्य, पुढे पाणी, आणि देव वाट काढतो. जे पाणी गिळणार होतं त्यातूनच सुटका होते. पुढे पाण्याचा आशीर्वाद आणि स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) येतात ते याच वाचनावर उभे असतात. आमचं मत विचाराल तर वाचनं कापण्यापेक्षा वाचक तयार करा. चांगलं वाचन लांब वाटत नाही. म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या वाढवा आणि पाणी ठेवा.

प्रश्न : पास्काच्या रात्री स्नानसंस्काराची वचनं पुन्हा देताना 'सैतानाचा त्याग करता का?' या प्रश्नाला लोक पुटपुटत 'होय' म्हणतात आणि मोकळे होतात. याला एवढं महत्त्व आहे का? (मुंबई)

आहे, आणि पुटपुटण्यात दोष लोकांचा कमी, घाईघाईने विचारणाऱ्याचा जास्त. प्रश्न सहा आहेत. आधीचे तीन त्यागाचे : सैतान, त्याची सर्व कृत्यं, त्याचा सर्व पोकळ डामडौल. नंतरचे तीन श्रद्धेचे : पिता, पुत्र, पवित्र आत्मा. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये स्नानसंस्काराचे उमेदवार आधी पश्चिमेकडे, अंधाराच्या दिशेला, तोंड करून, हात पुढे करून, सैतान समोर उभा आहे असं समजून त्याला नकार देत. मग पूर्वेकडे वळून श्रद्धा जाहीर करत. धर्माध्यक्ष (बिशप) सिरिल यांच्या काळातल्या प्रवचनांत याचं सविस्तर वर्णन आहे. वळणं हे शरीराने होत असे.

आज काय करता येईल? प्रश्नांआधी लोकांच्या मेणबत्त्या पुन्हा पेटलेल्या असाव्यात. त्यासाठी पाच मिनिटं धरा आणि ज्योत बाकांच्या टोकाकडून आत जाऊ द्या. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाच्या मध्ये दोन श्वास थांबा. उत्तर एकवचनी आहे, 'मी' म्हणून, हे प्रवचनात एका वाक्यात सांगून ठेवा. लहान मुलांच्या मेणबत्त्यांना पुठ्ठ्याची चकती लावा, म्हणजे हातावर मेण सांडत नाही आणि लक्ष उत्तराकडे राहतं.

प्रश्न : घरात वर्षभर आजारपण आणि भांडणं आहेत. बहीण रात्री ओरडते, तिला आवाज ऐकू येतात. एक जण 'बाधा काढून देतो' म्हणून पैसे मागतो आहे. आमच्याच धर्मातला आहे. काय करावं? (नाशिक)

पैसे देऊ नका आणि बहिणीला त्या माणसाच्या हाती सोपवू नका.

पहिलं पाऊल डॉक्टर. आवाज ऐकू येणं हे ओळखीच्या, उपचार होणाऱ्या आजारांचं लक्षण आहे. जवळच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तोवर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. सुरू झालेलं औषध प्रार्थनेच्या भरवशावर कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका.

धर्मसभेचा नियमही सांगतो. धर्मसंहितेच्या ११७२ व्या कलमानुसार बाधा काढण्याचा विधी धर्माध्यक्षांनी त्या विशिष्ट प्रसंगी स्पष्ट परवानगी दिलेल्या धर्मगुरूलाच करता येतो. १९९८ च्या सुधारित विधीतल्या सूचनांनुसार त्याने आजाराची शक्यता आधी तपासायची आणि वैद्यकीय जाणकारांचा सल्ला घ्यायचा असतो. त्यासाठी दर नसतो. दर सांगितला की तो माणूस बाजूला काढा. बांधणं, मारणं, चटके देणं हा तर गुन्हाच आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे.

घरासाठी तुम्ही आजच करू शकाल असं बरंच आहे. धर्मग्रामाच्या फादरांना बोलावून घराला आशीर्वाद घ्या, त्यासाठी धर्माध्यक्षांची परवानगी लागत नाही. फादरांकडून आजाऱ्याला तैलाभ्यंग, म्हणजे पवित्र तेल लावून दिला जाणारा संस्कार, द्या. रोज एकत्र प्रार्थना करा. पास्काच्या रात्री आशीर्वादित केलेलं पाणी घरी आणा, पण त्याला औषध किंवा ताईत समजू नका. त्या पाण्याचा क्रूस कपाळावर करताना आपण आपला स्नानसंस्कार आठवतो, एवढंच त्याचं काम आहे आणि ते पुरेसं आहे. मार्कच्या शुभवर्तमानात येशू अशुद्ध आत्म्याशी घासाघीस करत नाही. 'गप्प राहा, निघ' एवढंच म्हणतो. बलवानाला आधी बांधल्याशिवाय त्याचं घर लुटता येत नाही, हा दाखला त्यानेच दिला, आणि बांधण्याचं काम त्याने स्वतः केलं आहे. सैतानाला भिऊन घर चालवणं म्हणजे ते काम अजून व्हायचं आहे असं समजणं.

प्रश्न : ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते? (पुणे)

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणून. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यानच येतो : २०२६ साली ५ एप्रिल, २०२७ साली २८ मार्च, २०२८ साली १६ एप्रिल. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते. पंचांग घेऊन ताडून पाहिलं तर कधी चुकल्यासारखं वाटतं. २०१९ साली २१ मार्चला आकाशात पौर्णिमा होती, तरी कोष्टकातली आदल्या दिवशी पडल्याने ईस्टर एक महिना पुढे, २१ एप्रिलला गेला.

प्रश्न : प्रेषितांच्या श्रद्धाघोषणेत 'अधोलोकात उतरला' असं आपण म्हणतो. प्रभू नरकात गेला का? (वसई)

शिक्षा भोगायला नाही. अधोलोक म्हणजे इथं मेलेल्यांचं स्थान. ख्रिस्त खरोखर मेला, मेलेले जिथं असतात तिथंही पोहोचला, आणि त्याची वाट पाहत असलेल्या नीतिमानांना सोडवून घेऊन आला. पेत्राच्या पहिल्या पत्रात बंदिवासातल्या आत्म्यांना त्याने घोषणा केल्याचा उल्लेख आहे. धिक्कारलेल्यांचा नरक त्याने रिकामा केला असं कॅथलिक शिकवण म्हणत नाही. कॅल्विनने या ओळीचा अर्थ क्रूसावर भोगलेल्या यातना असा लावला, म्हणून काही प्रॉटेस्टंट मंडळींचं स्पष्टीकरण वेगळं आढळेल.

शब्दांपेक्षा पूर्वेकडच्या चर्चचं चित्र हे जास्त लवकर समजावतं. इस्तंबूलमधल्या खोरा मठाच्या जुन्या चर्चमध्ये, म्हणजे आताच्या कारिये मशिदीत, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक भित्तिचित्र आहे. शुभ्र वस्त्रातला ख्रिस्त पाय फाकवून उभा आहे. पायाखाली अधोलोकाचे मोडून पडलेले दरवाजे, विखुरलेली कुलपं आणि किल्ल्या, आणि त्यांच्यामध्ये बांधून टाकलेला काळा कैदी. एका हाताने तो आदामाला, दुसऱ्या हाताने हव्वेला कबरीतून ओढतो आहे. हात नीट पाहा : त्याने त्यांना मनगटाला धरलं आहे. त्यांच्या बोटांनी काहीच पकडलेलं नाही. मेलेल्याकडून पकडीची अपेक्षा करता येत नाही, आणि चित्रकाराला ते पक्कं ठाऊक आहे. मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्यांनी या चित्राची मोठी प्रत जरूर लावावी.

प्रश्न : आमचा तरुण मुलगा गेला. लोक म्हणतात 'देवाला तो हवा होता'. ख्रिस्ताने मरणावर विजय मिळवला असेल तर मरण अजून का आहे? (वाचक, गाव दिलेलं नाही)

ते वाक्य तुम्ही स्वीकारायलाच हवं असं नाही. पौल मरणाला शत्रू म्हणतो, शेवटी नाहीसा केला जाणारा शत्रू. मेलेला मित्र लाजर याला आता आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीपाशी रडला. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं थेस्सलनीकाकरांना लिहिलं आहे. शोकच करू नका असं कुठेही लिहिलेलं नाही.

'अजून का' याचं उत्तर फ्रेंच धर्मपंडित ऑस्कर कुलमन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अनुभवावरून दिलं. ६ जून १९४४ रोजी दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं आणि युद्धाचा निकाल लागल्यासारखा झाला. शरणागती आली ८ मे १९४५ ला. मधल्या अकरा महिन्यांत माणसं मरत राहिली, आणि ती मरणं खोटी नव्हती. क्रूस आणि रिकामी कबर हा निर्णायक दिवस, ख्रिस्ताचं पुन्हा येणं हा शेवटचा, आणि आपण मधल्या काळात आहोत. तो इतका लांब का, याचं उत्तर या दाखल्यातून मिळत नाही. आमच्या समजुतीने बायबलमध्येही ते कारण देऊन सांगितलेलं नाही, वचन देऊन सांगितलं आहे. 'अरे मरणा, तुझी नांगी कोठे?' हे पौल विचारतो तेव्हा तो सगळे उठवले जातील त्या दिवसाबद्दल बोलत असतो. लाजर उठला तो पुन्हा मेला. ख्रिस्त उठला तो पुन्हा मरणार नाही, आणि तुमच्या मुलासाठी दिलेलं वचन या दुसऱ्या प्रकारचं आहे.

वर्षश्राद्धाच्या मिस्सेला त्याच्या स्नानसंस्काराची मेणबत्ती घरी असेल तर सोबत आणा. ती पास्काच्या मेणबत्तीवरूनच पेटवली गेली होती, आणि अंत्यविधीला शवपेटीजवळ पास्काचीच मेणबत्ती लावली जाते. ती पेटवून ठेवायला फादर हरकत घेणार नाहीत.

प्रश्न : मुंबईत दफनासाठी जागा मिळणं कठीण झालं आहे. दहन केलं तर देहाच्या पुनरुत्थानावरची श्रद्धा नाकारल्यासारखं होतं का? (मुंबई)

नाही. ख्रिस्ती शिकवणीला विरोध म्हणून दहन निवडलेलं नसेल तर कॅथलिक धर्मसभेने १९६३ पासून त्याला मोकळीक दिली आहे. दफनाला पसंती मात्र कायम आहे. ज्याने मातीतून घडवलं त्याला राखेतून उठवणं अवघड नाही. वाघाने खाल्लेले, समुद्रात बुडालेले हुतात्मेही त्या आशेत मोडतातच.

अडचण पुढे, राखेपाशी येते. रोमच्या २०१६ च्या सूचनेनुसार राख नदीत, समुद्रात किंवा हवेत सोडायची नाही, दागिन्यात घालायची नाही, घरच्यांत वाटून घ्यायची नाही आणि सर्वसाधारणपणे घरी ठेवायची नाही. ती दफनभूमीत किंवा त्यासाठी राखलेल्या पवित्र जागी ठेवायची. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने एवढी सवलत दिली की त्या माणसाच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी राखेचा अगदी थोडा अंश ठेवण्याच्या विनंतीचा विचार होऊ शकतो, सर्वेश्वरवादी, म्हणजे निसर्ग हाच देव असल्याच्या, गैरसमजाला वाव नसेल तर.

क्रम असा ठेवा. आधी फादरांशी बोला. शक्यतो देह देवळात आणून अंत्यविधीची मिस्सा करा, दहन त्यानंतर. दहनाच्या दिवशीच राखेची जागा ठरलेली असू द्या, नाहीतर कलश कपाटावर महिनोन्महिने राहतो. राखेच्या कोनाड्यांची सोय तुमच्या दफनभूमीत आहे का, तिची मुदत किती, नूतनीकरण कुणी करायचं, हे कार्यालयातून लेखी घ्या. कोनाड्यावर पूर्ण नाव आणि तारखा कोरून घ्या. राख विखरू नये यामागे हेही एक कारण आहे : नावाने हाक मारून उठवलं जाणार आहे, तोवर ते नाव समाजाच्या प्रार्थनेत आणि दगडावर राहिलं पाहिजे.